निळ्या पट्ट्यांचा शर्ट: जुना गोतिए की नवा सेंट जेम्स?

भाचीला खलाशी पट्ट्यांचा शर्ट हवा आहे. एक गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारात तिनं पाहून ठेवलाय, फ्रेंच फॅशन डिझायनर ज्याँ पॉल गोतिएचा जुना. दुसरा सेंट जेम्सचा नवाकोरा, फ्रान्सहून येणाऱ्या मैत्रिणीकडून आणवता येईल.

मूळ नमुना फ्रेंच आरमाराचा. २७ मार्च १८५८च्या हुकमानं अंगावरचे पट्टे ठरले: पांढरे २१, रुंदी २० मिलिमीटर, निळे १० मिलिमीटरचे. एकवीस पट्टे म्हणजे नेपोलियनचे एकवीस विजय, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. सेंट जेम्स हे फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं कपड्यांचं घराणं १८८९पासूनचं, आणि त्यांचा शर्ट त्या जुन्या वळणाला धरून असतो: रुंद बोट नेक, आपल्या शिंप्याला ब्लाउजमुळे चांगला माहीत असलेला, आणि जाड सुती विणकाम. गोतिएनं १९८०च्या दशकात हेच पट्टे फॅशनच्या मंचावर नेले आणि त्यांच्याशी मनसोक्त खेळला. म्हणून जुन्यात जी गंमत आहे ती नव्यात नाही. मला स्वतःला जुनाच आवडतो.

पण तो नीट पारखून घ्यावा लागतो. आधी शर्ट उलटा करा. निळं आतूनही तितकंच गडद असेल तर सूत रंगवून विणलंय. आत फिकट दिसलं तर वरून छापलंय. मग कुशीची शिवण बघा, पुढचे-मागचे पट्टे तिथे जुळतात का. काखेतला पिवळेपणा उन्हात धरून तपासा, तो सहसा निघत नाही. लेबलवर ‘मेड इन इटली’ दिसलं म्हणून नकली समजू नका. फ्रेंच डिझायनरचे कपडे इटलीत शिवले जात, गोतिएचेही. ‘ज्युनिअर गोतिए’ असेल तर ती १९८८ची स्वस्त शाखा. खरीच, पण मुख्य मालाचा भाव तिला देऊ नये.

मापाचं म्हणाल तर बाजारातल्या शर्टावर ४८ आहे. इटलीच्या पुरुषी मापात ४८ म्हणजे छाती ९६ सेंटीमीटर. तरी टेप लावाच. जुनं सुती कापड किती धुण्यांनी किती आटलंय हे आकडा सांगत नाही.

आता आपली हवा. जाड विणीचा सेंट जेम्स मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात घालवत नाही, पण पावसाळा तो काढतो: धुवा, पंख्याखाली वाळवा, पुन्हा घाला. जुन्याचं तसं नाही. माझा एक जुना पट्ट्यांचा शर्ट जूनमध्ये घडी घालून कपाटात गेला आणि चवथीला काढला तेव्हा पांढऱ्यावर काळे ठिपके होते. बुरशीच्या त्या डागांनी मला अजून वाईट वाटतं. जुना घेतलात तर रिठ्याच्या पाण्यात हातानं धुवा, सावलीत आडवा पसरून सुकवा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बाहेर काढून वारा द्या.

भाची पणजीला नोकरीला जाते, शर्ट आठवड्यातून दोनदा अंगावर येणार आणि मशीनमध्ये जाणार. तिला मी सेंट जेम्स घ्यायला सांगितलाय. गोतिएच्या कुशीचे पट्टे जुळले आणि काख स्वच्छ निघाली, तर येत्या बुधवारी तो मी घेणार आहे.