शेतातली खापरं वेचायची तर ओळीने चालायचं का चौकोन आखायचे?

नांगरटीत वर आलेली जुनी खापरं नि दगडी हत्यारं वेचून, ती कुठे किती सापडली त्यावरून तिथे पूर्वी वस्ती होती का ते शोधायचं, त्याची ही गोष्ट. आठ-दहा जण जमले, शेतमालक हो म्हणाला, पुरातत्त्व खात्याला विचारून झालं की पहिला वाद हाच होतो. ओळीने म्हणजे बांधावर 20-20 मीटरवर माणसं उभी करायची, नाकासमोर चालायचं, दर 20 मीटरला पिशवी बदलायची. चौकोन म्हणजे 20 बाय 20 मीटरचे कप्पे आखायचे आणि एकेकाने एका कप्प्यात ठरलेला वेळ, समजा 10 मिनिटं, फिरून दिसेल ते उचलायचं.

आता हिशोब बघा. चालताना नीट दिसतो तो साधारण 2 मीटरचा पट्टा, म्हणजे 20 मीटर अंतर ठेवलं तर शेताचा 10 टक्केच भाग नजरेखालून जातो आणि एखादी छोटी भट्टी किंवा दगडी हत्यारं घडवायची जागा दोन ओळींच्या मधून आरामात निसटते. वस्ती मात्र सहसा निसटत नाही, तिचा पसारा मोठा असतो आणि नांगराने तो अजून पसरवलेला असतो. चौकोनात एका हेक्टरचे 25 कप्पे, म्हणजे 250 मिनिटं, पाच जणांत 50 मिनिटं. ऐकायला भारी, पण टेप-खुंट्या घेऊन काटकोन काढण्यात अर्धी सकाळ जाते (20 च्या चौकोनाचा कर्ण 28.28 मीटर, हे हातावर लिहून ठेवा). मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतं, ओळीला एकवेळ चालेल, कप्प्यांना नको.

ओळींचा खरा घोळ वेगळाच आहे. कोणाला फक्त खापरं दिसतात, कोणाला हत्यारं घडवताना उडालेले दगडाचे छिलके, आणि तीक्ष्ण नजरेचा माणूस ज्या ओळीत चालला तिथे नकाशावर उगाच दाट पट्टा उमटतो, बघणाऱ्याला वाटतं भिंतच सापडली! म्हणून प्रत्येक पिशवीवर वेचणाऱ्याचं नाव हवंच. कप्प्यांत माणसं आलटून पालटून लावता येतात, तिथे हा त्रास कमी.

माझं मत, शेत मोठं आणि माहिती शून्य असेल तर आधी ओळी, मग जिथे पिशव्या जड झाल्या तेवढ्याच भागात चौकोन. सगळीकडे विरळ, बारीक, झिजलेले तुकडे आले तर हुरळू नका, ते बरेचदा तिथल्या वस्तीचे नसतात, उकिरड्यावरून शेणखताबरोबर शेतात आलेले असतात, तिथे चौकोन आखून काही मिळत नाही. आणि नांगरटीनंतर पाऊस पडून ढेकळं फुटलेली नसतील तर दोन्ही पद्धती सारख्याच बेकार, खापरावरची माती धुतली गेल्याशिवाय ते दिसतच नाही.

एक राहिलंच, चौकोनात माल जास्त येतो आणि तो धुणं, सुकवणं, नंबर टाकणं याला वेचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा टूथब्रश घेऊन बसणार कोण हे आधीच विचारा. आम्ही विचारलं तेव्हा दोनच हात वर झाले, म्हणून यंदा ओळी.