शब्दयादी, कार्डे की वाचन? इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना काय निवडाल

अर्थांसह यादी पाठ करणे, कार्डांवर उजळणी करणे आणि भरपूर वाचणे हे इंग्रजी शब्द वाढवायचे तीन रूढ मार्ग. तुमच्यासाठी यातला कोणता, हे दोन प्रश्नांवर ठरते: आज किती शब्द येतात, आणि नवे शब्द नुसते ओळखायचे आहेत की बोलण्या-लिहिण्यात वापरायचे आहेत?

यादी

यादीचा उपयोग कोणते शब्द शिकायचे हे ठरवण्यापुरता. वापराच्या वारंवारतेवर बेतलेली यादी घ्यावी. २०१३ साली आलेल्या न्यू जनरल सर्व्हिस लिस्टमध्ये सुमारे २८०० शब्द आहेत आणि सर्वसाधारण मजकुराचा ९० टक्क्यांहून जास्त भाग तेवढ्यात येतो. उच्च शिक्षणाची पुस्तके वाचायची असतील तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट पाहावी. तिच्यात ५७० शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे) आहेत.

वर्णानुक्रमाने लावलेल्या याद्या मात्र पाठांतराला घेऊच नयेत. ‘अ‍ॅडॅप्ट’, ‘अ‍ॅडॉप्ट’, ‘अ‍ॅडेप्ट’ एका दिवशी घोकले की तिन्हींची सरमिसळ होते. जोडीच्या शब्दांचेही तसेच. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ एका बैठकीत शिकले तर उसने घेणारा कोण नि देणारा कोण, हा घोळ बरेच दिवस सुटत नाही. एक पक्का होऊ द्यावा, दुसरा पंधरा दिवसांनी घ्यावा. आणि यादी नुसती पुन्हा पुन्हा वाचणे ही फसवी मेहनत आहे: शब्द ओळखीचा वाटतो, पण अर्थ झाकला की आठवत नाही.

कार्डे

कार्डाच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असल्याने आठवावेच लागते, म्हणून पहिल्या दोन-तीन हजार शब्दांसाठी याहून सरस साधन नाही. कागदी असोत वा ‘अंकी’सारख्या अ‍ॅपमधली, तत्त्व तेच: शिकल्यानंतर १, ३, ७, १५ आणि ३० व्या दिवशी उजळणी. चुकलेले कार्ड पुन्हा पहिल्या टप्प्यावर.

नवे शब्द किती घ्यायचे, याचा हिशेब आधी करावा. रोज १० नवे शब्द आणि प्रत्येकाच्या पाच उजळण्या धरल्या तर महिनाभराने दिवसाला ५० कार्डे समोर येतात, चुकलेली वेगळी. आठवडाभर खंड पडला की थकबाकी दोनशेच्या वर जाते. बहुतेकांची कार्डे इथेच सुटतात, कारण उत्साहाच्या भरात त्यांनी रोज तीस शब्दांनी सुरुवात केलेली असते. खंड पडलाच तर नवे शब्द थांबवावेत आणि थकबाकी संपल्यावरच पुढे जावे.

कार्डावर काय लिहिता, याला हिशेबाइतकेच महत्त्व आहे. एका कार्डावर एकच अर्थ. ‘इश्यू’चे ‘मुद्दा’, ‘अंक’ आणि ‘जारी करणे’ असे तीन अर्थ असतील तर तीन कार्डे, तीही त्या त्या वाक्यासह. शब्द वापरायचा असेल तर पुढच्या बाजूला मराठी अर्थ आणि गाळलेल्या जागेचे इंग्रजी वाक्य, मागे शब्द आणि उच्चार. नुसते वाचायचे असेल तर उलट केले तरी चालते.

वाक्य लागते ते मराठीची घडी इंग्रजीवर बसू नये म्हणून. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ तोंडात येते. प्रमाण इंग्रजीत परीक्षार्थी ती ‘टेक’ करतो. ‘डिस्कस’ला मराठीतल्या ‘बद्दल’मुळे ‘अबाउट’ चिकटते, जे नको असते. जोराच्या पावसाला ‘स्ट्राँग’ नव्हे, ‘हेवी’ लागते. अर्थ पाठ असूनही या चुका होतात.

वाचन

ज्याचा पाया झाला आहे त्याने वाचनाकडे वळावे. पुस्तक आपल्या आवाक्यातले आहे का, हे तपासायला मधल्या एखाद्या पानावरचे १०० शब्द मोजावेत. अनोळखी शब्द दोनपर्यंत असतील तर मजेत वाचता येईल; पाचापर्यंत असतील तर शब्दकोश हाताशी ठेवून; त्याहून जास्त असतील तर पुस्तक तूर्त बाजूला. संदर्भावरून अर्थ लावायचा तर आजूबाजूचे शब्द तरी कळायला हवेत.

वाचनात शब्दांची संगत आपोआप कळते. उणीव आहे ती पुनरावृत्तीची. दहा लाख शब्दांत दहा वेळा येणारा शब्द लाखभर शब्दांच्या कादंबरीत सरासरी एकदाच भेटतो. म्हणून वाचताना दर बैठकीत तीन-चार शब्दांवर खूण करावी आणि त्यांची कार्डे करावीत. सगळ्यांवर खुणा करणाऱ्याचे पुस्तक संपत नाही.

शब्दकोश कोणता?

पहिल्या दोन हजार शब्दांपर्यंत इंग्रजी-मराठी कोश पुरतो, आणि वस्तूंच्या नावांसाठी तर कायमच. त्यानंतर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. त्यातल्या व्याख्या साधारण दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. ‘अ‍ॅडव्हाइस’समोर द्विभाषिक कोश ‘सल्ला’ देऊन मोकळा होतो. हा शब्द मोजता येत नाही, ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ चुकीचे आणि ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ बरोबर, हे दुसऱ्या कोशात खुणेने आणि उदाहरणाने दिलेले असते.

कोणी काय घ्यावे

साध्या बातमीत दर ओळीला अडखळत असाल तर वारंवारतेची यादी आणि रोज १० कार्डे. वाचायला अडत नाही पण बोलताना शब्द सुचत नसतील, तर नवे शब्द थांबवून ओळखीच्या शब्दांचीच मराठीकडून इंग्रजीकडे जाणारी कार्डे करावीत. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर असेल तर वाचनावर भिस्त ठेवू नये, ते इतक्या कमी वेळात फळत नाही. आणि पाच-सहा वेळा चुकलेले कार्ड तसेच घोकत बसू नये: वाक्य बदलावे, तरी बसले नाही तर काढून टाकावे. शब्द खरोखर उपयोगाचा असेल तर वाचनात पुन्हा येईल.