लाँच मॉनिटर, आठ महिन्यांनंतर: यंत्र चांगलं, स्टँडने घात केला

गेल्या आठवड्यात दुरुस्तीहून परत आला, म्हणून आता लिहायला बसले. स्पेसिफिकेशन्स सगळीकडे आहेत, ती पुन्हा देत नाही. गोल्फच्या चेंडूच्या मागे ठेवायचा, फोनला जोडायचा आणि चेंडूचा वेग, दिशा, अंतर मोजणारा छोटा रडारवाला लाँच मॉनिटर, एवढं पुरे.

आधी स्टँडबद्दल, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिले दोन महिने हे यंत्र मला सांगत होतं की माझा प्रत्येक चेंडू उजवीकडे सुटतोय. तीन अंश, कधी साडेतीन. चेंडू कुठल्या दिशेला सुटणार हे बहुतांशी क्लबफेसवर, म्हणजे काठीच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर ठरतं, म्हणून फेस उघडा (उजवीकडे वळलेला) राहतोय असं मी धरून चालले. ग्रिप बदलली, मनगट जास्त वळवायला लागले. स्क्रीनवरचा आकडा शून्याजवळ आला तेव्हा खूश झाले आणि कोर्सवर गेले, तर पहिल्या सहा होलमध्ये चेंडू एकसारखे डावीकडच्या झाडीत. सोबतची मैत्रीण म्हणाली, "अगं, तू आधी सरळ मारायचीस की!"

दोष स्टँडचा होता. तीन बारीक प्लास्टिकचे पाय. एक मॅटवर, दोन खाली फरशीवर. क्लब मॅटवर आपटला की यंत्र कणभर फिरतं, आणि दिशा ते स्वतःच्या नेमावरूनच मोजतं. त्यात यंत्राच्या अंगावर नेम धरायला साधी रेघसुद्धा नाही. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण १५० मीटरवर त्याचे जवळजवळ ८ मीटर होतात. एवढं महागाचं यंत्र बनवणाऱ्यांना एक रेघ छापता येऊ नये? शेवटी नेलपॉलिशने मीच काढली. आता यंत्र, चेंडू आणि लांबचा झेंडा एका ओळीत आणायला जमिनीवर अलाइनमेंट स्टिक (नेम धरायची सरळ काठी) टाकते आणि दर दहा चेंडूंनी ओळ तपासते. तेव्हापासून दिशेचे आकडे पटतात.

कॅरीच्या, म्हणजे चेंडू हवेतून किती लांब गेला त्या आकड्यावर मात्र माझा आजही विश्वास नाही. यंत्र आपलं काम करतं, पण रेंजचे, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे चेंडू झिजलेले असतात, कित्येक मुळातच कमी लांब जाण्यासाठी बनवलेले असतात. रेंजवरच्या कॅरीवरून कोर्सवर क्लब निवडला तर चेंडू ग्रीनच्या (होलभोवतीच्या हिरवळीच्या) पलीकडे. मॅटही फसवते. क्लब चेंडूच्या दोन बोटं मागे टेकला तरी मॅटवर घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि आकडा ठीकठाक येतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो. म्हणून चेंडूच्या चार बोटं मागे घडी घातलेला रुमाल ठेवते. क्लब रुमालाला लागला की तो फटका बाद, स्क्रीन काहीही म्हणो.

सहाव्या महिन्यात चार्जिंग पोर्ट सैल झाला. केबल तिरकी धरून बसायचं, हात हलला की चार्जिंग बंद. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, ही झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. बिल पाठवलं, व्हिडिओ पाठवला, वॉरंटी कार्डावर पोर्ट वगळल्याचं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं. चार फोन झाले, आणि दर वेळी नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. शेवटी फुकट बदलून दिला, पण २३ दिवस गेले.

आणि त्याच २३ दिवसांत माझं मत बदललं. हाताशी आकडे नव्हते म्हणून व्हाइटबोर्डचा मार्कर घेतला आणि सेव्हन आयर्नचा (मधल्या अंतराच्या क्लबचा) फेस रंगवला. चेंडू लागतो तिथला रंग पुसला जातो. दहाही ठसे मधल्या भागापासून बोटभर टोकाकडे! यंत्र मला महिनोन् महिने चेंडूचा वेग कमी-जास्त होतोय एवढंच दाखवत होतं, का होतोय ते नाही. अर्धा इंच जवळ उभी राहिले आणि चौथ्याच चेंडूला ठसा मधोमध आला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

दुसरा बदल बकेटचा, म्हणजे रेंजवर मिळणारे बादलीभर चेंडू कसे मारायचे त्याचा. ॲप एका क्लबचं सेशन लावायला लावतं, त्यामुळे मी ड्रायव्हरचे (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचे) साठ-साठ चेंडू सलग मारायची. अठरापैकी चार होल पार-३ (ड्रायव्हर न लागणारे छोटे) असलेल्या नेहमीच्या कोर्सवर ड्रायव्हर फार तर १४ वेळा लागतो! आता पहिले पंधरा चेंडू सोडले तर एक क्लब लागोपाठ दोनदा मारत नाही. ड्रायव्हर, मग आयर्न, मग वेज, दर वेळी नवा झेंडा, दर वेळी मागे जाऊन पुन्हा नेम. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: क्रम बदलत सराव करणारे सरावात मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत त्यांचंच जास्त टिकलं. माझेही रेंजवरचे आकडे घसरलेत. कोर्सवर मात्र पहिल्या टीवरची धडधड कमी झाली आहे.

मग यंत्र घ्यावं का? मी परत विकणार होते, आता नाही विकणार. मार्करने शोधायचं आणि यंत्राने पडताळायचं, ही जोडी जमली आहे. जवळ उभं राहायला लागल्यापासून सेव्हन आयर्नच्या चेंडूचा वेग पहिल्यांदाच फटक्यामागून फटका सारखा येतोय, आणि हे डोळ्यांनी कळलं नसतं. पण स्टिक, रुमाल आणि मार्कर यांनी दोन-तीन महिने सराव केला नसेल तर एवढे पैसे घालू नका.

वॉरंटीचे चार महिने उरलेत. पोर्ट पुन्हा हलला तर याच्याखालीच लिहीन.