लागाव्हुलिन १६ : बूच उघडल्यापासून तळ दिसेपर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर उघडलेली बाटली आता तळाला आली आहे. सोळा वर्षं पिंपात मुरलेल्या या स्कॉच व्हिस्कीवर एका पेगात मत बनवू नये. पहिला आणि शेवटचा पेग बराच वेगळा लागतो.

स्कॉटलंडमधल्या आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाफ्रोएग आणि आर्डबेग या डिस्टिलऱ्यांच्या मध्ये, १८१६ पासून ही डिस्टिलरी आहे. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर सुकवलेलं मोड आलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, शेजारच्या पोर्ट एलनहून येतं. त्यात फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारं द्रव्य, साधारण ३५ पीपीएम (दहा लाखांत ३५ भाग). हा आकडा माल्टचा, बाटलीतल्या दारूचा नाही. डिस्टिलेशनमध्ये त्यातलं बरंच जातं आणि पिंपात वर्षं सरतील तसा धूर आणखी मवाळ होतो. त्यामुळे १६ म्हणजे जास्त धूर असं समजून घेणाऱ्याची निराशा ठरलेली. नुसता धूर हवा असेल तर यांचीच ८ वर्षांची, ४८ टक्के अल्कोहोलची घ्या. रंगाने फिकट, लिंबाळ, थेट राखेवर येणारी. १६ मध्ये धुराच्या जोडीला खजूर, सुके अंजीर, आयोडिन आणि जिभेच्या कडांना जाणवणारा खारटपणा येतो.

ग्लास निमुळत्या तोंडाचाच हवा. आधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या; साबणाचा किंवा लाकडी कपाटाचा वास असेल तर गरम पाण्याने विसळा. २५ मिली ओता आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या. वाइनसारखं गरगर फिरवू नका, अल्कोहोल उसळून नाकात झोंबतं आणि पुढचं काही कळत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहिला घोट फक्त तोंड सरावण्यासाठी, मत दुसऱ्या घोटावर. खरी परीक्षा गिळल्यानंतर: गोडवा आधी ओसरतो, मग कोरडी राख आणि मीठ बराच वेळ रेंगाळतं. तिखट चाखणा आधी खाल्लात तर नेमकं हेच हरवतं. ग्लास न धुता ठेवा आणि सकाळी हुंगा. पिंपाचं लाकूड आणि धूर तिथे सर्वांत स्वच्छ कळतात.

पाणी ड्रॉपरनेच घाला. १६ मुळात ४३ टक्क्यांची. २५ मिलीत १ मिली पाणी घातलं की ती ४१ वर येते, ३ मिलीत ३८ वर, चहाचा चमचाभर म्हणजे ५ मिली घातलं तर ३६ च्या खाली. १ मिलीपर्यंत फळं खुलतात, ३ नंतर अंग पातळ होतं. बर्फाने धूर उरतो, बाकी सगळं मुकं होतं. मात्र आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५ अंशांवर असते आणि अल्कोहोल नाकावर येतं. तेव्हा ओतलेला ग्लास पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवणं बर्फापेक्षा बरं.

बाटली निम्मी होईपर्यंत फरक जवळजवळ नाही, उलट सुरुवातीचा तिखटपणा जाऊन ती सुधारते. एक तृतीयांशाखाली गेली की आतली हवा काम करू लागते: आधी लिंबाच्या सालीचा वास जातो, मग आयोडिन, शेवटी गोडसर धूर तेवढा राहतो. त्या टप्प्यावर १०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा. बाटली नेहमी उभी, अंधारात. आडवी ठेवली तर दारू बूच खाते. बूच तुटलंच तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि जुन्या बाटलीचं बूच उकळून, पूर्ण वाळवून लावा. म्हणून जुनी बुचं टाकू नयेत.

खटकतं ते एवढंच, की ही ४६ टक्क्यांवर भरायला हवी होती. आणि रंगावरून वयाचा अंदाज बांधू नका. त्यात रंगासाठी कॅरॅमल घातलेलं आहे, जर्मनीतल्या लेबलवर ते छापावंच लागतं.

महिन्याला दोन-तीनच पेग होत असतील तर मोठी बाटली घेण्यात अर्थ नाही. २०० मिलीची मिळाली तर ती घ्या.