बदलता येणारा खांब: समुद्रकाठच्या निवाऱ्यासाठी घेतलेल्या रचनासेवेचे परीक्षण

होड्यांची डागडुजी करण्यासाठी आणि जाळी ठेवण्यासाठी समुद्रालगत चारही बाजूंनी उघडा असा एक लहान निवारा आम्हाला उभारायचा होता, आणि तो शक्यतो परिसरात मिळणारा बांबू, दगड, चुना व झावळ्या यांतूनच व्हावा अशी आमची अट होती. त्यासाठी नैसर्गिक साहित्यात काम करणाऱ्या रचनाकारांच्या एका गटाकडून आम्ही आराखडे करून घेतले. आराखड्यांचा संच, साहित्य निवडण्याच्या सूचना, बांधकाम चालू असताना मिळणारा सल्ला आणि देखभालीचे वेळापत्रक असे या सेवेचे स्वरूप आहे.

या संचातील सर्वांत मोलाचे पान खांब बदलण्याचे आहे. कोणता खांब किती वर्षे टिकेल याचे आश्वासन देण्याऐवजी, तो खराब झाल्यावर शेजारी तात्पुरते टेकू देऊन, वरची तुळई न हलवता, तो कसा काढावा आणि नवा कसा बसवावा हे त्या पानावर टप्प्याटप्प्याने रेखाटलेले आहे. समुद्रकाठी बांबू आणि झावळ्या झिजणारच. त्यामुळे त्या झिजण्याची सोय आराखड्यातच करून ठेवणे हे रचनाकाराचे पहिले काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हे काम या गटाने मनापासून केले आहे. झावळ्यांचे थर खालून वर वेगवेगळे बांधलेले असल्यामुळे कुजलेला भाग तेवढाच उतरवता येतो. काथ्याने बांधलेले सांधे बांबू वाळून आकसल्यावर सैल पडतात, म्हणून प्रत्येक सांध्यापर्यंत हात पोचेल आणि दोर पुन्हा आवळता येईल एवढी जागा सोडलेली आहे.

बांबूविषयीच्या सूचनाही नेमक्या आहेत. तीन ते पाच वर्षांचा पक्व बांबू घ्यावा, त्यातील पिष्टाचे प्रमाण कमी असते अशा कोरड्या ऋतूत तो तोडावा आणि नंतर टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरवावा, असे त्यात सांगितले आहे. बांबू पोखरणारा भुंगा या पिष्टासाठीच येतो, हे कारणही सोबत दिल्यामुळे सूचना पाळण्याची गरज कामगारांना पटवून द्यावी लागली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे क्षार पाण्यात विरघळून निघून जातात याचे भान आराखड्यात सर्वत्र दिसते. मुरवलेला बांबूसुद्धा मातीत पुरला किंवा सतत पावसात भिजला तर त्याचे संरक्षण हळूहळू संपते, म्हणून एकही खांब जमिनीला टेकवलेला नाही. प्रत्येक खांब दगडी बैठकीवर उभा आहे, बैठकीचा माथा पाणी वाहून जाईल असा उतरता आहे, आणि बैठकीतून वर आलेली धातूची सळई खांबाच्या तळाच्या पोकळीत मसाला भरून पक्की केलेली आहे. बोल्टची भोके गाठींच्या जवळ घ्यावीत, दोन गाठींच्या मधोमध घेऊ नयेत, कारण तेथे बांबू चिरतो, हेही रेखाचित्रात दिसते. बांबूच्या रचनेचे आयएसओ २२१५६ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये सुधारले गेले. आकडेमोड त्यानुसारच केलेली आहे.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र पहिला संच कमी पडला, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि उघड्या निवाऱ्यात वारा छपराला खालून ढकलतो व त्याच वेळी वरून ओढतो. बांबू आणि झावळ्यांची इमारत वजनाने हलकी असल्यामुळे तिला कोसळण्यापेक्षा उचलले जाण्याचे भय अधिक असते. रचनाकारांनी चौपाखी छप्पर निवडले, ते दुपाखीपेक्षा वादळात सरस ठरते, आणि जोत्याचे वजन या उचलीच्या हिशेबाने ठरवले, हे दोन्ही निर्णय योग्य होते. परंतु बांबू भिजू नये म्हणून वळचण चहूबाजूंनी खूप लांब घेतली होती आणि ती मुख्य वाशांचाच पुढे काढलेला भाग होती. एवढ्या रुंद वळचणीखाली शिरलेला वारा संपूर्ण छपराला तरफेसारखा उचलू शकतो. झावळ्यांवरून पाणी झटकन निथळावे म्हणून उतार किमान पंचेचाळीस अंशांचा लागतो, तर वाऱ्याच्या दृष्टीने तीस अंशांच्या आसपासचा उतार बरा मानला जातो. म्हणजे उताराच्या बाबतीत आधीच तडजोड झालेली होती, आणि वळचणीने तिच्यात भर घातली होती.

आम्ही ही शंका मांडल्यावर त्यांनी ती टाळली नाही. सुधारित आराखड्यात मुख्य छप्पर आखूड वळचणीवर थांबते, आणि त्याखाली स्वतंत्र वाशांची एक पडवी येते. वादळात पडवी उडाली तरी मुख्य छपराला धक्का लागत नाही, आणि एरवी खांब कोरडे राहतात. वाशापासून तुळईला, तुळईपासून खांबाला आणि खांबापासून पायाला अशी न तुटणारी बांधणीची साखळी नव्या संचात वेगळ्या रेषेने दाखवली आहे. हा बदल पहिल्याच संचात असायला हवा होता.

चुन्याच्या कामाविषयी सोबतच्या टिपणात एक विधान आहे, ते जपून वाचावे. रोमन काळातील बंदरांचे चुना आणि ज्वालामुखीची राख यांचे बांधकाम समुद्राच्या पाण्यात अधिक मजबूत होत गेले, असे तेथे लिहिले आहे. ते खरे आहे. खारे पाणी झिरपून त्या बांधकामात नवी खनिजे तयार झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. परंतु आमच्या जोत्यात राख नसून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, आहे. सुरखीमुळे चुना दमट जागीही आवळतो, एवढा लाभ निश्चित मिळतो. त्यापलीकडची अपेक्षा ठेवू नये. किनाऱ्यावरची वाळू न धुता वापरू नये ही सूचना मात्र अक्षरशः पाळावी, कारण तिच्यातील मीठ ओल धरते आणि स्फटिक होताना दगडांमधल्या दरजा व गिलावा आतून फोडते.

धातू जेथे टाळता आला नाही तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील सुचवले आहे. त्यातील दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत ३०४ प्रतीपेक्षा चांगले टिकते. लोखंडी सळईचा गंज मूळ धातूपेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि भोवतीचा दगड व मसाला फोडतो, त्यामुळे या खर्चात कपात करू नये.

बांबूचे सांधे करणारा अनुभवी कारागीर ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी ही सेवा निःशंकपणे घ्यावी. तसा कारागीर नसेल, तर बांधकामाच्या काळात रचनाकारांची प्रत्यक्ष भेट करारात लिहून घ्यावी, कारण मूळ सेवेतील सल्ला केवळ छायाचित्रे पाहून दिला जातो, आणि दोर किती आवळला आहे हे छायाचित्रात दिसत नाही. वादळानंतरच्या तपासणीचाही मूळ करारात समावेश नाही. तीही सुरुवातीलाच मागून घ्यावी.