सोलापुरात मुलीसाठी गणिताची शिकवणी शोधली: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

2024 च्या जुलैपासून 2025 च्या एप्रिलपर्यंत माझी मुलगी एका बाईंकडे गणिताच्या शिकवणीला जात होती. ती मराठी माध्यमात, सहावीत. गल्लीतली सगळी पोरं बाईंना अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. सोलापुरात आपल्या मुलाला झेपेल अशी शिकवणी शोधताना मी जे दीड वर्ष घालवलं ते दुसऱ्या कुणाचं जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पाचवीचं सांगते. पाचवीला आता वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं, प्रत्येक विषयात 50 पैकी 18 गुण लागतात. हिला गणितात 19 पडले. बाकीच्या विषयांत ती चांगली आहे, वाचायची आवड आहे, पाढे तीसपर्यंत धाडधाड म्हणते. मग गणितातच असं का, हे आम्हाला कळत नव्हतं. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर आकड्यांत असते. घरी येऊन तिची वही बघितली की जीव खालीवर व्हायचा. एकदा मी रागात वही भिंतीवर भिरकावली. ती रडली नाही, उठून वही उचलून दप्तरात ठेवली. तो प्रसंग मला अजून टोचतो.

पाचवीच्या सुरुवातीला विजापूर रोडवरच्या एका मोठ्या क्लासला घातलं होतं. एका बॅचला 40 मुलं, महिना 700 रुपये. सर शिकवायचे चांगलं, फळ्यावर सगळी पायरी लिहायचे. हिची क्लासची वही एकदम स्वच्छ, उदाहरणं सगळी बरोबर. मी खुश. शाळेत मात्र मार्क तेच. फळ्यावरून उतरवलेलं बरोबर येतं म्हणजे समजलं असं होत नाही, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने गेले.

दिवाळीनंतर मोबाईलवरचं ऑनलाईन शिकवणं घेतलं, एका मुलाला एक शिक्षक असं. नमुन्याचा पहिला तास इतका छान झाला की आम्ही वर्षभराचं पॅकेज हप्त्यांवर घेऊन टाकलं. तिसऱ्या आठवड्यात शिक्षक बदलले, मग पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक जण पहिल्या धड्यापासून सुरू करायचा. आणि तोंडी विचारलेल्या प्रश्नांत ही इतकी चुकायची की तिघांनीही एकच शेरा दिला, मुलीचं लक्ष नाही. बंद करून उरलेले पैसे मागितले तर अडीच महिन्यांनी निम्मेच आले. वर्षाचे पैसे एकरकमी किंवा हप्त्यानं कुणालाही देऊ नका. महिन्याच्या महिन्याला देता येत असेल तरच बोलणं पुढे न्या.

मध्ये एका ओळखीच्यांनी सुचवलं, तिच्या शाळेतल्याच शिक्षकांना घरी बोलवा, पेपर तेच काढतात. मी नाही म्हणाले. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकांनी खाजगी शिकवणी घ्यायची नाही असं स्पष्ट आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पेपर काढणाऱ्याकडून मार्क मिळाले असते, अडचण तशीच राहिली असती.

अक्कांचं नाव मला शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं सांगितलं. ती पूर्व भागातली, घरी तेलुगू. पतसंस्थेत इतकी वर्षं झाली, पण नोटा मोजते ती तेलुगूतच. तिच्या भाच्याला अक्कांनी सांभाळलं होतं. अक्का डी.एड. झालेल्या, बारा वर्षं शाळेत शिकवून नोकरी सोडलेल्या. अशोक चौकापासून आत त्यांचं घर. आम्ही जुळे सोलापूरला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

पहिल्या भेटीला मी निकालपत्रकांची फाईल घेऊन गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "हे नको ओ ताई, वह्या आणा. शाळेची, क्लासची, घरची. जुन्या पण असतील तर आणा." दुसऱ्या दिवशी पिशवी भरून वह्या नेल्या. चाळीसेक मिनिटं त्या काही न बोलता पानं उलटत होत्या. काही चुकांवर पेन्सिलीनं बारीक टिंब करायच्या आणि पुढे जायच्या. मग मुलीला कागद दिला, वीस संख्या बोलून लिहायला सांगितल्या, आणि नंतर तेवढ्याच संख्या कार्डावर दाखवून लिहून घेतल्या. बघून लिहिलेल्या वीसही बरोबर. ऐकून लिहिलेल्यांत अकरा चूक. त्रेपन्नला 35. सत्तावीसला 72. एकोणसाठला 61. एकोणऐंशीला 81.

"ही चुकत नाही ओ," अक्का म्हणाल्या, "ऐकते तसंच लिहायलीय की."

मी नीट बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. त्रेपन्न म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. तिनं आधी 3 लिहिला, मग 5. एकोणसाठमध्ये तिला एक ऐकू आला आणि साठ ऐकू आले, झाले 61. तिच्या बाजूनं हिशेब अगदी सरळ होता. अक्कांना हे पटकन दिसलं कारण लहानपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या. तेलुगूत त्रेपन्नला याभै मूडु म्हणतात, पन्नास आणि तीन, लिहितो त्याच क्रमानं. घरी तसं आणि शाळेत मराठीत उलटं. त्यांची आई विड्या वळायची, पंचवीस पंचवीसच्या जुड्या बांधून हजाराचा हिशेब द्यायची. त्या जुड्या मोजतच आपण संख्या शिकलो, शाळेत नाही, असं त्यांनी सांगितलं.

इथे एक कबुली देते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस बरोबर वीस एक असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. व्हॉट्सॲपवर थट्टेचे मेसेज फिरत होते, त्यातले काही मीही पुढे पाठवले होते. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा हेच समजावत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात. माझी मुलगी त्या वर्षी पहिलीत होती. ते पुस्तक तिच्या हातात 2020 मध्ये आलं, आणि तेव्हा शाळा बंद. दुसरीचं अख्खं वर्ष तिनं माझ्या मोबाईलच्या स्क्रीनवर काढलं. दशक आणि एकक जिथे पक्के व्हायचे तेच वर्ष गेलं. ज्यांची मुलं त्या दोन-तीन वर्षांत पहिली-दुसरीत होती त्यांनी आज रात्रीच घरी वीस संख्या बोलून लिहून घ्या. दहा मिनिटं लागतात.

अक्कांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी बजावल्या. एक, मी डॉक्टर नाही, आधी कान आणि डोळे तपासून आणा. ऐकून चूक होतेय म्हणजे कानाचाच काही दोष नाही ना हे कळलं पाहिजे. दोन्ही तपासण्या केल्या, काही निघालं नाही. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर समुपदेशकांकडे जाऊन अध्ययन अक्षमतेची (म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकणं मुळातच अवघड जातंय का याची) तपासणी करा, असंही त्यांनी सांगून ठेवलं. आम्हाला ती वेळ आली नाही, पण ज्यांना येईल त्यांनी घाबरू नये आणि लपवूही नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. शिकवणी लावून हे प्रश्न सुटत नाहीत, आणि प्रामाणिक शिक्षक ते स्वतःहून सांगतो.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी होती. रोज रात्री मी मुलीला शाब्दिक उदाहरणं वाचून दाखवायचे, तिला सोपं जावं म्हणून. ते दोन महिने पूर्ण बंद करायला सांगितलं. मी प्रेमानं वाचत होते आणि प्रत्येक संख्या तिच्या कानात उलटी जात होती.

शिकवणं अगदी साधं. कार्डबोर्डची कार्डं. 50 चं लांब कार्ड, त्याच्या शून्यावर 3 चं छोटं कार्ड ठेवायचं. आधी म्हणायचं पन्नास तीन, मग त्रेपन्न. तीन आठवडे फक्त हेच. मग एकोण म्हणजे एक उणा, साठाला एक उणा तो एकोणसाठ. हे कळल्यावर मुलगी घरी येऊन आजीला विचारायला लागली, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही? तिनं गणिताबद्दल आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. त्यानंतर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन हातच्याची वजाबाकी. 402 मधून 157 काढताना मधल्या शून्याकडे काहीच नाही, मग शंभराची नोट मोडून आणायची, त्यातलीही एक दहाची पुन्हा मोडायची. हातचा हा शब्द ती चार वर्षं वापरत होती. तो कुठून येतो हे तिनं पहिल्यांदा बघितलं.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी अक्कांनी पोरांना विचारलं, आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी गावाभोवती किती लिंगं स्थापली? सगळी ओरडली अडुसष्ट. लिहा म्हणाल्या. हिनं 68 लिहिलं, न थांबता. आणि मग वर बघून म्हणाली, साठ आठ. ही संख्या सोलापूरच्या प्रत्येक पोराच्या कानात लहानपणापासून असते, तिथून धरून बाकीच्या संख्या ओवायच्या हे त्यांना सुचलं याचं मला फार कौतुक आहे.

ऑगस्टच्या सुमारास मुलीनं मला एक गोष्ट सांगितली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्गात बाई म्हणायच्या, पान नंबर त्रेपन्न काढा. ही 35 काढायची. बाजूच्या मुलीच्या पुस्तकात डोकावून पान सापडेपर्यंत बाई पुढे गेलेल्या असायच्या. चार वर्षं हे चाललं होतं. घरी कधी बोलली नाही, कारण सगळ्यांचंच असं होतं असं तिला वाटायचं.

आता काय आवडलं नाही ते. मार्क लगेच वाढत नाहीत, आणि ते सोसायला कठीण जातं. तिकडे वर्गात पूर्णांक आणि अपूर्णांक चालू होते आणि इकडे दुसरीचं गणित. घटक चाचणीत 20 पैकी 7 आले तेव्हा घरात मोठा वाद झाला. यांचं म्हणणं, महिना 1,800 देऊन एवढेच मार्क? नातेवाइकांनी सेमी इंग्लिशला घाला, तिकडे फिफ्टी थ्री सरळ असतं, असा सल्ला दिला. (थर्टीन ते नाइन्टीन तिथेही उलटंच आहे.) मी नोव्हेंबरपर्यंत थांबायचं ठरवलं आणि थांबले, पण झोप नीट लागत नव्हती हे खरं. भूमितीचा भाग मागे पडला, तो शेवटी मला घरी बसवून घ्यावा लागला. अक्का प्रगतीचा काही कागद देत नाहीत, फोनवर फार बोलत नाहीत, आणि पालकांना आत बसू देत नाहीत. मला सुरुवातीला याचा राग यायचा. महिन्यातून एकदा दहा मिनिटं तरी पालकांशी बोलायला हवं, हे माझं मत आजही आहे.

अंतराचाही त्रास. आठवड्यातून चार दिवस, सव्वा तास, एका वेळी तीन मुलं. सात रस्त्यावरून स्कूटीवर संध्याकाळच्या गर्दीत जाऊन येऊन तास मोडतो. नळाला पाणी यायच्या दिवशी त्यांची वेळ बदलायची, आमच्याकडे पाणी वेगळ्या दिवशी, म्हणजे दोन्ही वेळापत्रकं डोक्यात ठेवायची. मार्चपासून उन्हामुळे साडेसहानंतरच नेत होते.

दिवाळीनंतर चित्र बदललं. दुसऱ्या सत्राच्या चाचणीत 20 पैकी 13. वार्षिक निकालात गणितात ब-2 श्रेणी, पाचवीच्या मानानं खूप वर. पण मला मोजायचं असेल तर मी दुसरी गोष्ट धरेन. मंगळवारी भाजी घ्यायला गेलो, भाजीवाल्या मावशी म्हणाल्या सत्त्याऐंशी झाले. हिनं शंभराची नोट दिली आणि तेरा परत घेतले, मला न विचारता. घाईत कुणी फोन नंबर जोडी-जोडीनं सांगितला तर अजून एखादी जोडी उलटते. अपूर्णांकांचा भागाकार कच्चा आहे.

शिकवणी शोधताना मी आता एकच प्रश्न विचारेन: पहिल्या आठवड्यात तुम्ही काय कराल? पोर्शन कुठपर्यंत झालाय असं विचारलं तर मी नमस्कार करून निघेन. मुलाच्या जुन्या वह्या मागितल्या तर थांबेन. शक्य असेल तर पैसे देऊन चार तास लावून बघा, आणि चार तासांनंतर त्यांना विचारा की माझं मूल नेमकं कुठे अडतं. उत्तरात तुमच्याच मुलाची एखादी ठरावीक चूक आली पाहिजे. लक्ष नाही, सराव कमी, पाया कच्चा ही उत्तरं कुठल्याही मुलाला लागू पडतात.

ज्यांची मुलं वर्गाच्या पुढे आहेत किंवा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करतायत त्यांना अशी शिकवणी उपयोगाची नाही. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला अक्कांनी स्वतःच नाही म्हटलं, याला वेग पाहिजे, तो माझ्याकडे नाही, असं सांगून.

शेवटच्या दिवशी फी द्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, जूनपासून हिला चार दिवस आणू नका, दोनच दिवस आणा, अपूर्णांक झाले की ऑक्टोबरात बंद करू. त्या जागी तिसरीतला एक मुलगा येतोय, घरी कन्नड बोलणारा. त्यांनी त्याच्याही वह्या मागवल्यात.