सोलापुरातली सर्वेक्षण सेवा: फॉर्म भरले, पण उत्तरं कुणाची?

शहराच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांचं सर्वेक्षण करून देणाऱ्या एका स्थानिक संस्थेच्या कामाबद्दल हा अभिप्राय. नाव देत नाही. यातले दोष तिच्या एकटीचे नाहीत.

आधी चांगलं. प्रगणक बहुतेक मुली आहेत आणि त्यांना तेलुगू येतं. अशोक चौक, साखर पेठ, कुंभारीचं घरकुल इथं याची किंमत मोठी आहे. फक्त मराठी बोलणारा प्रगणक गेला की घरातली शाळकरी मुलगी दुभाषी होते, आणि दोन-चार प्रश्नांनंतर आईला न विचारता स्वतःच उत्तरं देऊ लागते. फॉर्मवर उत्तर देणारी म्हणून नाव मात्र आईचं. हा प्रकार इथं टळला. टॅबवर ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जाते, डेटा रोजच्या रोज मिळतो. छत, नळ, संडास, रेशन कार्ड, माणसं किती, ही माहिती चोख. ती घरातल्या कुठल्याही जाणत्या माणसानं सांगितली तरी चालते.

बिघडतं ते व्यक्तिगत भागात. भेटी सकाळी 10 ते संध्याकाळी 5. तेव्हा बाई विड्या जमा करायला कारखान्यात गेलेली, नवरा मागावर किंवा रातपाळी करून झोपलेला. मग सासू सगळ्यांचं सांगते. म्हणजे कामाला जाणाऱ्यांचीच माहिती दुसऱ्याच्या तोंडून येते, आणि प्रश्नही कामाचेच. अशी चूक दोन्हीकडे सारखी पसरत नाही, एकाच बाजूला झुकते. नमुना वाढवून ती जात नाही.

‘विडीकामाला रोज किती तास?’ हा एकच प्रश्न घ्या. नवरा सांगतो चार तास, कारण तो फक्त विड्या वळण्याचा वेळ धरतो. पान भिजवणं, कात्रीनं कापणं, कट्टे बांधणं, कारखान्यात माल तपासून होईपर्यंत ताटकळणं त्याच्या हिशेबात नसतं. सासूच्या तोंडी त्याचंच ‘घरीच असते ती’ होतं आणि फॉर्मात घरकामाचा कोड पडतो. कमाई 5,000 नाहीतर 10,000 अशी गोल येते, छाटीत गेलेला, म्हणजे कारखान्यानं नाकारलेला माल वजा होत नाही. आजारपणात दवाखान्यात ठेवलेलं आठवतं, कंबरदुखी आणि खोकला गळतात.

स्वतःचं उत्तर नेहमी खरं असतं असंही नाही म्हणा. दारूचा प्रश्न नवऱ्यापेक्षा बायकोला विचारलेला बरा. लसीकरण आईकडूनच, तेही कार्ड बघून.

संस्थेची मोठी चूक फॉर्मात आहे. ‘उत्तर कोणी दिलं’ हा रकाना घराला एकच. त्यामुळे कुठली ओळ प्रॉक्सीची, म्हणजे त्या व्यक्तीऐवजी दुसऱ्यानं सांगितलेली, हे नंतर शोधताच येत नाही. हा रकाना प्रत्येक व्यक्तीच्या भागाला हवा, सोबत उत्तर देणाऱ्याचं नातं, ती व्यक्ती स्वतः न भेटण्याचं कारण आणि उत्तरं देताना ती जवळ होती का. शेजाऱ्याचं उत्तर घ्यायचंच नाही. प्रॉक्सी ओळी गाळून टाका, असा सल्ला संस्था देते, तोही घेऊ नका. गाळल्या की कामाला जाणारेच नमुन्यातून बाहेर जातात. ओळी ठेवा, वेगळ्या तपासा, आणि काही घरांत तेच प्रश्न त्या व्यक्तीला आणि प्रॉक्सीला वेगवेगळे विचारून फरक मोजा.

पडताळणी म्हणून 10 टक्के घरांना फोन होतो. नंबर बहुधा नवऱ्याचा. म्हणजे प्रॉक्सीची खातरजमा प्रॉक्सीकडूनच! उत्तरं जुळणारच.

सरकारी पाहण्यांतही दोन्ही पद्धती आहेत. 2017 पासूनच्या श्रमबल सर्वेक्षणात घरातली एक माहीतगार व्यक्ती इतरांची माहिती देऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या स्त्रीची मुलाखत तिच्याशीच होते. तेव्हा प्रॉक्सी सरसकट बंद करा असं म्हणणं नाही.

संस्था पैसे फॉर्ममागे घेते आणि प्रगणकालाही तसेच देते. मग दुसरी फेरी कोण मारणार? काम देताना प्रगणकाला दिवसाची मजुरी ठरवा, तीन भेटींची अट लेखी घ्या, त्यातली एक पाळी सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीला, आणि फेरभेटीचे पैसे वेगळे द्या. घरांच्या यादीसाठी, सोयीसुविधांच्या पाहणीसाठी ही संस्था घ्यायला हरकत नाही. बायकांच्या कामाचा आणि कमाईचा अभ्यास असेल, तर फॉर्म बदलून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.